मॉरिशसमध्ये शाकाहारी सासूबाई, सगळं खाणारा नवरा आणि दुपारचं जेवण

मॉरिशसचं पॅकेज विचारायला फोन केला, तेव्हा टूरवाल्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "मॅडम, जेवणाचं टेन्शन नाही, रोज इंडियन डिनर आहे." मला टेन्शन नेमकं त्याचंच होतं. पनीर बटर मसाला आणि जीरा राइस खायला सहा-साडेसहा तास विमानात कशाला बसायचं?

पण सासूबाईंचा प्रश्न खरा होता. त्या अंडंही खात नाहीत. नवरा आणि मुलगा समोर येईल ते खातात आणि मी मासे सोडून बाकी मांसाहार फारसा करत नाही. अशा चौघांना एका बेटावर तिथलंच जेवण जेवू घालायचं, हा या सुट्टीतला माझा खरा उद्योग होता. तो कसा पार पडला ते सविस्तर लिहिते, कारण जाण्यापूर्वी मला असं कुणी सांगणारं भेटलं नव्हतं.

पहिलं काम केलं ते पॅकेज मोडायचं. तिथली बरीच हॉटेलं 'हाफ बोर्ड'वर चालतात, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. ऐकायला सोयीचं वाटतं. पण रात्री बुफेला परतायचं म्हणून दिवस आखडता घ्यावा लागतो आणि सकाळी भरपेट खाल्लेलं असल्याने दुपारी भूक लागत नाही. मॉरिशसचं खरं खाणं तर सकाळी आणि दुपारीच असतं. आम्ही हॉटेल सोडून पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला स्वयंपाकघर असलेली एक छोटी जागा घेतली. टूरवाला नाराज झाला. "तिकडे बाहेर व्हेज मिळत नाही," असा इशाराही त्याने दिला.

हे साफ खोटं आहे. मॉरिशसचं सगळ्यात लाडकं रस्त्यावरचं खाणंच मुळात शाकाहारी आहे. त्याचं नाव ढोल पुरी.

आमची पहिली ढोल पुरी राजधानी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजाराजवळची. काचेची पेटी, आत कापडाखाली पिवळसर पोळ्यांची चळत, बाजूला तीन-चार डबे आणि समोर ऑफिसच्या कपड्यातल्या माणसांची रांग. विकणाऱ्या बाईंनी वर न बघताच विचारलं, "एन पेर?" म्हणजे एक जोडी. ढोल पुरी एकेकटी विकत नाहीत, दोन पोळ्या एकावर एक ठेवूनच मिळते. त्यावर डबल बीची दाट रस्सा-भाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे दाटसर रस्सा, कोथिंबिरीची चटणी, हवं तर मोहरी लावलेलं भाज्यांचं लोणचं आणि वाटलेली मिरची. मग कागदात गुंडाळी करून हातात. सगळं मिळून पंधरा सेकंदही लागत नाहीत.

सासूबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग पोळी उलगडून कडेपासून मधोमध तपासली. "ही पुरणपोळीच आहे, गूळ विसरलेली," त्या म्हणाल्या. मला वाटतं याहून नेमकं वर्णन नाही. डाळ बोटाने चेपली जाईल इतपतच शिजवायची, निथळून कोरडी वाटायची, त्यात जिरं आणि हळद घालायची, ते सारण कणकेत भरून शक्य तितकं पातळ लाटायचं आणि तव्यावर थोड्या तेलावर भाजायचं. सारण कोरडं असल्यामुळे पोळी फाटत नाही आणि कापडाखाली तासन् तास मऊ राहते. म्हणून तर ती सायकलवरूनही विकता येते.

त्याच बाजारापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आप्रवासी घाट आहे. 1834 पासून करारावरचे मजूर बोटीतून उतरले ते इथे. त्या सोळा पायऱ्या अजून आहेत आणि 2006 पासून ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे. जवळजवळ पाच लाख माणसं या वाटेने आली. बहुतेक बिहार आणि आजूबाजूच्या भोजपुरी मुलखातली, काही तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपल्या कोकणातलीही. मजुरांच्या शिध्यात तांदूळ आणि डाळ होती. उसाच्या मळ्यात दिवसभर राबणाऱ्याला बरोबर नेता येईल असं खाणं या डाळीतून झालं. घाट बघून परत बाजारात आलो, तेव्हा मुलाने आपणहून दुसरी जोडी मागितली.

डाळीचाच दुसरा प्रकार म्हणजे गातो पिमां, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घातलेले छोटे डाळवडे. स्थानिक लोक ते सकाळी लोणी लावलेल्या पावात चेपून खातात. वडापावाच्या मुलखातून आलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, पण आमच्या साहेबांना लोण्याचं इतकं कौतुक वाटलं की नंतर ते रोज सकाळी बेकरीच्या रांगेत. बाजारातच आलुदा पिला. दूध, सब्जा, चायना ग्रासचे तुकडे, सुगंधी सरबत. पिल्लेंचं आलुदाचं दुकान तिथे प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी योग्य आहे. फक्त गोड कमी सोसणाऱ्यांनी एक पेला दोघांत घ्यावा.

आता वेळेचं. ढोल पुरीवाल्यांचा माल दुपारी संपतो. दोन वाजता "आता जेवू या" म्हणून निघालात, तर रिकामी पेटी पुसणारा माणूस भेटेल. पोर्ट लुई संध्याकाळी पाचनंतर ओस पडतं, रविवारी दुपारनंतर तर विचारूच नका. गावांकडच्या बसही संध्याकाळी लवकर आटोपतात. आम्ही वेळापत्रकच उलटं केलं. सकाळी थोडं खायचं, अकरा ते एकच्या दरम्यान मुख्य जेवण, समुद्र दुपारी, रात्री घरी खिचडी किंवा किनाऱ्यावरच्या गाडीवरच्या नूडल्स. एरवी सुट्टीत आम्ही बरोबर याच्या उलटं वागतो.

हॉटेलच्या शोधात फोनवर तारे मोजत बसायचंही सोडून दिलं. दुपारी बाराला कुठे गणवेशातली, ऑफिसातली माणसं उभी आहेत ते बघायचं आणि मागे उभं राहायचं. रोझ हिलला ढोल पुरीसाठी देवा नावाचं दुकान सगळे सांगतात. पोर्ट लुईहून मेट्रोने तिथे सहज जाता येतं. आम्ही गेलो, छान होती. पण बाजाराजवळच्या त्या बाईंची डबल बी मला जास्त आवडली.

शाकाहारींसाठी खरी गोची चायनाटाउनमध्ये होते. हाक्का चिनी लोकांनी या बेटाला नूडल्स आणि बुलेत दिले. बुलेत म्हणजे वाफवलेले गोळे. मोठ्या पातेल्यांवर चाळण्या ठेवलेल्या असतात, आपण बोट दाखवायचं, ते वाडग्यात घालून वर गरम सूप ओततात. त्यातले एक चुचूचे असतात. चुचू ही फिकट हिरवी, नासपतीच्या आकाराची फळभाजी. गोळे अगदी निरागस, पांढरट-हिरवे दिसतात, पण त्यात बहुधा सुकी कोळंबी असते. तळलेल्या नूडल्समध्ये अंडं असतं आणि सॉस माशाचा असू शकतो. "व्हेजिटेरियन?" असं इंग्रजीत विचारलं की समोरचा हसून मान हलवतो, त्या मान हलवण्यावर विसंबू नये. घरमालकिणीच्या मुलीकडून मी क्रेओलमधली, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीतली, वाक्यं देवनागरीत लिहून घेतली होती: "मो पा मांज लाव्यान, पा मांज प्वासों, पा मांज दीझेफ." मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. आणि सगळ्यात उपयोगी, "एना क्रेवेत लादां?" यात कोळंबी आहे का? हे वाचून दाखवल्यावर काउंटरमागच्या आजोबांनी स्वतःच चुचूच्या चाळणीवर झाकण ठेवलं आणि सासूबाईंना नुसत्या परतलेल्या भाज्या-भात करून दिला. सासूबाई म्हणाल्या मीठ कमी आहे. मुलगा तोवर सहावा गोळा खात होता.

तिखटाबद्दलही एक सांगते. गाडीवर "पिमां?" असं विचारतात. आपण कोल्हापूरकडचे असलो तरी पहिल्यांदा "थोडी" म्हणावं. ती मिरची आकाराने लहान आणि वागायला वाईट आहे.

मांसाहारी मंडळींसाठी: टुना किंवा ऑक्टोपसचं विंदाय चुकवू नका. मोहरी, हळद, लसूण, कांदा आणि व्हिनेगर. मासा तळून या मसाल्यात मुरवतात आणि दुसऱ्या दिवशी गार, पावाबरोबर खातात. पहिल्या दिवशीचं विंदाय मला कच्चं वाटलं, उरलेलं फ्रिजमधून काढून खाल्लं ते अप्रतिम. खारवलेल्या माशाचा रुगाय म्हणजे टोमॅटो, कांदा आणि थाईम. सुक्या माशाची सवय असलेल्या कोकणी माणसाला तो लगेच आपलासा वाटतो, फक्त त्यात कोकमाऐवजी टोमॅटोचा आंबटपणा. शामारेलला डोंगरात हरणाच्या मांसाची करी मिळते. ही हरणं डच लोकांनी 1639 मध्ये जावाहून आणली. नवऱ्याने खाल्ली, खूश झाला, बिल बघून थोडा कमी खूश झाला. बिर्याणी घेताना कुठल्या मांसाची आहे ते विचारून घ्या, बीफचीही असते.

या सगळ्यात आमच्या सासूबाईंचा दिवस ठरला तो कात्र बोर्नच्या बाजाराचा. तिथे भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. गुरुवारी-रविवारी गेलात तर कपडेच कपडे. भाजीच्या गाळ्यांवर पालेभाज्यांचे ढीग होते, आणि त्यात दोन ओळखीच्या: शेवग्याचा पाला आणि अळू. सासूबाई अळूची पानं उलटून देठ बघत होत्या, "हे खाजरं दिसतंय गं," असं मला म्हणाल्या, तेवढ्यात शेजारच्या साठीच्या बाईंनी वळून विचारलं, "तुम्ही महाराष्ट्रातून आला?"

त्यांचं मराठी शाळेत शिकलेलं, जपून टाकलेल्या पावलांचं. मॉरिशसच्या सरकारी शाळांत मराठी हा विषय घेता येतो. घरी त्या क्रेओल बोलतात. कुटुंब मूळचं रत्नागिरीकडचं, गाव माहीत नाही. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा घरी मोदक करतात, असं त्यांनी सांगितलं. पण गप्पा लगेच अळूवर आल्या, आणि तिथे मात्र दोघींनाही भाषेची अडचण आली नाही. "आई, मोठी पानं घेऊ नका. ही, छोटी. देठ सोला. लसूण, आलं, चिंच. शिजताना चमचा घालायचा नाही, खाज येते." सासूबाईंनी बेसन आणि शेंगदाण्यांचं काय, असं विचारलं. बाईंनी नाक मुरडलं. "बेसन कशाला? पातळ पाहिजे, भातावर."

त्या संध्याकाळी आमच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात मॉरिशसच्या पद्धतीचा शेवग्याच्या पाल्याचा बुयों झाला. तेलात कांदा-लसूण, पाणी, पाला, मीठ, बस्स. पाला पाच मिनिटांत शिजतो, जास्त उकळला तर कडवट होतो. भात, बुयों, वर टोमॅटोची कच्ची चटणी. अळू सासूबाईंनी त्यांच्याच पद्धतीने केलं, बेसन लावून. त्याबाबतीत त्या कुणाचं ऐकणार नव्हत्या.

ज्यांना स्वयंपाक करायचा नाही त्यांनी 'सेत कारी' शोधावं. तमिळ घरांतून आलेलं, केळीच्या पानावर भाताभोवती सात भाज्यांचं जेवण. लग्नात आणि देवळांच्या उत्सवांत असतं. काही खानावळींतही मिळतं, पण आधी विचारून जावं. आम्हाला ते एकदाच मिळालं आणि कोवळ्या फणसाच्या भाजीसाठी मी पुन्हा रांग लावायला तयार होते.

रविवारी किनाऱ्यावर जाऊन बसायला मात्र विसरू नका. अख्खी कुटुंबं पातेली, ताडपत्री आणि ढोलकं घेऊन सुरूच्या झाडांखाली येतात. विकत घ्यायला मिळतं ते मीठ-मिरची-चिंचेत घोळवलेलं अननस. मे महिन्यात गेलात तर गोयाव द शीन, म्हणजे बोराएवढे लाल पेरूही. ते आंबट-गोड असतात आणि आतल्या बिया दातात अडकतात, पण एक पिशवी संपते कधी ते कळत नाही.

परतीचं विमान सोमवारी असेल तर नशीब समजा. माएबूर हे गाव विमानतळापासून जवळ आहे आणि तिथला मोठा बाजार सोमवारचा. गावाबाहेर रो कुटुंबाचा कसाव्याच्या बिस्किटांचा कारखाना आहे, 1870 पासूनचा. कंद किसून, पिळून, चाळून तव्यावर भाजलेली ती कोरडी, भरभरीत बिस्किटं चहात बुडवल्याशिवाय खाण्यात अर्थ नाही. चहा व्हॅनिलाच्या वासाचा घ्यावा, तोही तिथलाच. मी दालचिनीची आणि नारळाची आणली, नारळाची जास्त चांगली निघाली. वाटलेल्या मिरचीची बाटली घेतलीत तर ती चेक-इनच्या बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून टाका. हातातल्या बॅगेत ती सुरक्षा तपासणीच्या पुढे जात नाही.