उठण्याचे निमित्त

दुपारचे जेवण आटोपून मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी संगणकापुढे बसलो होतो, आणि मुलाने हौसेने दिलेले मनगटी घड्याळ एकाएकी थरथरले. बराच वेळ बसून आहात, आता उठा, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या घरात मला ‘ऊठ’ म्हणण्याचा अधिकार ज्यांना होता ती माणसे आता राहिलेली नाहीत. त्यांच्या गादीवर हे घड्याळ आले आहे, पण त्याच्या स्वरात इतके आर्जव असते की त्याची आज्ञा मोडताना काहीच वाटत नाही.

आजोबांचे तसे नव्हते. ते गणपती पेठेतल्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते आणि सुटीत त्यांचा डबा पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असे. पांढरी चादर घातलेली गादी, मागे लोड, पुढे उतरत्या फळीचे बुटके डेस्क, आणि या सगळ्यावर हळदीची बारीक पूड; ती आजोबांच्या धोतराच्या काठात अशी मुरलेली असे की आजीने कितीही आपटून धुतले तरी निघत नसे. धंदा म्हणायला बैठा, पण ते सलग पाव तास एका जागी बसल्याचे मला आठवत नाही. कोणी शेतकरी नमुना घेऊन आला की ते उठत, दारातल्या उजेडात जाऊन हळकुंड मोडत आणि आतला रंग पाहत. फोन भिंतीवर होता, त्यामुळे बोलायचे ते उभ्याने आणि तेही ओरडून. पाण्याचा माठ मागच्या खोलीत होता. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकल्याचे मी कधी पाहिले नाही. मांडी मोडायची आणि त्याच झोकात उभे राहायचे, अशी त्यांची रीत होती.

ब्राझीलमधल्या क्लॉडिओ गिल अराउजो या डॉक्टरांनी नेमकी हीच गोष्ट मोजली, हे मी पुष्कळ उशिरा वाचले. त्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला लावले. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हाताचा किंवा गुडघ्याचा आधार घेतला की एक गुण वजा आणि तोल गेला की अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना कमी गुण पडले होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूंचे प्रमाण बरेच जास्त आढळले. स्नायूंची ताकद, सांध्यांचा लवचीकपणा आणि तोल या तिन्हींची परीक्षा त्या एका उठण्यात होते. आजोबांना मी मनातल्या मनात दहापैकी दहा देऊन टाकले आहेत. आमच्याकडे आता श्रावणी सोमवारी पाट मांडले की तिशीतले भाचेसुद्धा भिंतीकडेची जागा शोधतात.

बैठ्या कामाचे दुखणे आजचे नाही. मोदेनाच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर बसून काम करणारे शिंपी आणि चांभार यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी अंगाला व्यायाम द्यावा, असा सल्ला त्याने तेव्हाच दिला होता. पण खरी गंमत लंडनच्या बसगाड्यांची आहे. जेरी मॉरिस या संशोधकाने १९५३ साली दाखवले की दुमजली बसच्या चालकांना हृदयविकार जास्त होतो आणि दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. पुढे त्याने दोघांच्या गणवेशाची मापेही तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला जास्त रुंद निघाल्या. सांगलीच्या स्टँडवर उभे राहून मी हा प्रयोग नजरेने करून पाहतो. आपल्या एसटीला वरचा मजला नाही, आणि विनावाहक गाडीत तर तुलनेला दुसरा माणूसच उरत नाही.

बसल्यावर आत काय होते, तेही फार गूढ नाही. पोटरीचे स्नायू आवळले गेले की पायांतले रक्त वर ढकलले जाते; ते स्वस्थ राहिले की रक्त खाली रेंगाळते. चालताना मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, बसल्यावर ते काम मंदावते. म्हणून जेवल्यानंतरची शतपावली ही केवळ आजीची समजूत नव्हती. उलट आमच्या आमराई बागेत पहाटे अर्धा तास फिरून नंतर कट्ट्यावर तासभर राजकारण करणाऱ्या मंडळींचा हिशेब थोडा कच्चा आहे. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष असा की दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांना त्याची भरपाई करायला रोज ६० ते ७५ मिनिटे भरभर चालण्याइतके श्रम लागतात. तेवढे जमत नसेल तर निदान अधूनमधून उठत राहावे, हा मधला मार्ग, आणि तो मला पटतो.

मात्र उठण्यासाठी निमित्त लागते, आणि आपण ती सगळी निमित्ते पैसे मोजून घालवली आहेत. पंख्याला रिमोट आला, फोन खिशात आला, गल्लीतल्या शिंप्याच्या यंत्राला मोटर बसली आणि दिवसभर पायटा मारणारे त्याचे पाय रिकामे झाले. मी हट्टाने पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच ठेवतो आणि फोन आला की अंगणात जाऊन बोलतो. घरचे याला विक्षिप्तपणा म्हणतात, म्हणोत.

परवा पत्नीबरोबर साडीच्या दुकानात गेलो होतो. पूर्वी अशा दुकानांत गादी असे आणि विकणारा व घेणारा दोघेही तिच्यावर बसत. आता काउंटर आहे; आम्हाला स्टूल मिळाले आणि पलीकडची मुलगी सकाळपासून उभी होती. मध्येच ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकी, तेव्हा तिच्या घोट्यावरची सूज दिसे. दिवसभर उभे राहिल्यानेही पायांच्या शिरा फुगतात. केरळमधल्या कापड दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळी बसता यावे म्हणून झगडावे लागले आणि २०१८ साली तिथला कायदा बदलला; तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. हिला स्टूल का नाही, असे मी गल्ल्यावर बसलेल्या मालकांना विचारले.

“बसले की आळस येतो हो,” ते बसल्या जागेवरून म्हणाले.