सातव्या महिन्यातले ग्रहण

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात मी वैद्यकीय अधिकारी आहे. मार्च २०२३ मध्ये अमळनेर तालुक्यातील एका गावात अंगणवाडीची तपासणी सुरू असताना ताईंनी सांगितले की, दोन महिन्यांचे एक बाळ वजनालाही आणले जात नाही आणि त्याची आई घराबाहेर पडत नाही. आम्ही घरी गेलो. झोळीतल्या बाळाच्या तोंडावरचे फडके बाजूला केल्यावर डाव्या बाजूने नाकापर्यंत दुभंगलेला ओठ दिसला, आणि टॉर्चच्या उजेडात फाटलेली टाळूही दिसली. जन्मतः अडीच किलो असलेले वजन जेमतेम तीन किलोवर आले होते, कारण अशा बाळाला दूध ओढता येत नाही आणि जे तोंडात जाते त्यातले बरेचसे नाकावाटे बाहेर येते.

मी काही विचारण्याआधीच ती बोलली, "मन्हीच चूक शे, मॅडम. गऱ्हनमा इळा हातमा लिधा." सासू शेजारी बसली होती, ती काहीच बोलली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, मावळतीला खंडग्रास सूर्यग्रहण होते, आणि तिने म्हशीसाठी चारा कापला होता. बाळ जन्मल्यापासून भेटायला येणारी प्रत्येक बाई तिला तेवढेच विचारून जात होती. आमच्या तपासणीच्या कागदावरही गरोदरपणात कोणती औषधे घेतली, घरात तंबाखू-मशेरी आहे का, लग्न नात्यातले आहे का, असे रकाने असतात. ते आवश्यकच आहेत, कारण फिट्सवरची काही औषधे, तंबाखू आणि आनुवंशिकता यांचा या व्यंगाशी संबंध असतो. परंतु आधीच स्वतःला दोषी ठरवून बसलेल्या बाईला ते प्रश्न फिर्यादीसारखे ऐकू येतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्या दिवशी मी तो कागद मिटून ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे वळले.

बाळ जानेवारीच्या मध्यावर, पूर्ण दिवसांचे जन्मले होते. गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू त्यानंतर थोड्याच दिवसांत. म्हणजे हा ओठ मे-जूनच्या सुमारास, पेरण्यांच्या आधीच, जुळायचा राहून गेला होता. ग्रहणाच्या दिवशी तिला सातवा महिना होता आणि ओठ तसाच होता. तिने विळा हातात घेतला असता किंवा नसता तरी त्यात बदल होणार नव्हता.

तिने महिने बोटांवर मोजून पाहिले. मला वाटले, ती सुटली. परंतु थोड्या वेळाने तिने विचारले, "मग जूनमध्ये मी काय केले?" तेव्हा दिवस गेल्याचे तिला ठाऊकही नव्हते, उन्हात शेत साफ करणे चालू होते, एकदा ताप आला होता, ती एकेक गोष्ट काढून माझ्यासमोर मांडू लागली. एक तारीख काढून घेतली की अपराधाची भावना दुसरी तारीख शोधते. बहुतेक वेळा एक असे नेमके कारण सापडतच नाही, हे मी सांगितले. पण कारणच नाही हे ऐकणे आईला कधी कधी स्वतःच्या चुकीपेक्षाही जड जाते, असे माझे मत झाले आहे.

तेवढ्यात सासूने तोंड उघडले. चारा कापायला आपणच सांगितले होते, ग्रहणाचे भानच राहिले नाही, असे ती भिंतीकडे पाहत म्हणाली. दोन महिने लोकांचे बोलणे सून ऐकत होती आणि सासू गप्प होती. सुनेने यावर काही म्हटले नाही, पण बाळाला झोळीतून काढून तिने सासूच्या मांडीवर दिले.

मग आम्ही खऱ्या कामाला लागलो. दूध आटलेले नव्हते. बाळ ओढत नसल्याने कमी होत चालले होते. दूध वाटीत काढायचे, बाळाला उभे धरायचे, चमच्याने गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडायचे, मध्ये मध्ये ढेकर काढायची आणि असे दर दोन-तीन तासांनी करायचे. पहिला चमचा सांडला, पुढचे पोटात गेले. ओठाची शस्त्रक्रिया मोफत होईल, पण त्यासाठी वजन पाच किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन किमान १० हवे, हे सांगितल्यावर तिने आशाताईंकडून वजनाची तारीख स्वतः मागून घेतली. समजावण्याने जे झाले नव्हते ते दर आठवड्याला सरकणाऱ्या काट्याने बरेचसे केले. पावसाळ्यात ओठाची शस्त्रक्रिया झाली. टाळूची वर्षाच्या सुमारास करायची ठरली, आणि पुढे बोलण्याचे शिक्षणही लागणार होते.

त्या वर्षी कोजागरीच्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. त्याआधी मी गावात गेले तेव्हा सासूने गरोदर असलेल्या मोठ्या सुनेसाठी विळ्या-सुऱ्या उचलून ठेवल्या होत्या. मी हरकत घेतली नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, एवढे विचारले. धाकटीने मला ओट्यावर गाठून दुसऱ्या मुलाच्या वेळी पुन्हा असे होईल का, असे विचारले. शंभरात दोन ते पाच जणींच्या बाबतीत होते, आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासून घ्यायची, असे मी सांगितले.

ती म्हणाली, "मंग वाटी-चमचा सांभाळी ठेवस."