गाडी पाणी खाते, पण थेंब कुठेच दिसत नाही

दर पंधरा दिवसांनी कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीतली पातळी खालच्या रेषेच्या खाली जाते आणि गाडीखालची जमीन मात्र कोरडी. जुनी गाडी असली की डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचा, हा कोकणात ठरलेला उपाय. कॅन राहू दे, पण कुलिंग सिस्टीम बंदिस्त असते. पाणी आपोआप आटत नाही. ते बाहेर तरी जातंय, नाहीतर इंजिनच्या आत, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये, शिरतंय. थेंब दिसत नाही, कारण गळती बहुधा सुरू होते तेव्हा इंजिन ९० अंशांच्या आसपास असतं आणि पडलेला थेंब तिथल्या तिथे सुकतो. मागे राहतो तो कुलंटचा पापुद्रा: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी. आपण शोधायचा तो पापुद्रा.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडच्या दमट हवेत एसी चालू असला की गाडीखाली चांगलं अर्धं तांब्याभर पाणी साठतं. ते स्वच्छ असतं, वास नसतो, बोटाला चिकटत नाही. कुलंट बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास येतो (चाखून बघू नका, विषारी आहे). पावसाळ्यात ओल्या अंगणात काहीच कळत नाही, म्हणून रात्री इंजिनखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि त्यावर पुढचं चाक कुठे येतं ते पेनाने लिहा. डाग कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं.

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करायची. रेडिएटरला झाकण असेल तर पातळी तिथे बघा, नुसत्या बाटलीवर विसंबू नका. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर गळती नसून झाकण गेलेलं असू शकतं. झाकणात दोन व्हॉल्व असतात. मोठा दाब धरतो. मधला छोटा इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. छोटा अडकला की आत निर्वात तयार होतो आणि थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा पडलेला दिसतो. मोठ्याचं रबर कडक झालं की दाब राहत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो तो याच दाबाचा. ०.९ बारला साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब नसेल तर शंभरलाच. म्हणून अंदाजाने भाग बदलायला लागायच्या आधी त्याच आकड्याचं नवीन झाकण लावा. या सिस्टीममधल्या सगळ्यात स्वस्त दुरुस्त्यांपैकी ही एक.

मग क्लॅम्प. खाऱ्या वाऱ्यात साधा पत्र्याचा क्लॅम्प वरून धड दिसतो, पण स्क्रूच्या बाजूला खालून गंजून सुटलेला असतो. काही क्लॅम्प फक्त थंडपणी गळतात, कारण गरम झाल्यावर रबर फुगून फट बुजते. बदलताना ३०४ ग्रेडच्या स्टीलचे घ्या आणि एकदा इंजिन गरम होऊन थंड झालं की पुन्हा अर्धा आटा आवळा. होज टोकापाशी दाबून बघा: करकरला, भेगा दिसल्या किंवा तेल लागून पिचपिचीत झाला असेल तर बदला. खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असेल तर ती नव्यात घालायला विसरू नका. नाहीतर पाण्याच्या पंपाच्या ओढीने तो होज आत चिकटतो आणि गाडी वेगात असतानाच तापते.

किनाऱ्यावरच्या गाड्यांत खरा बळी रेडिएटरचा जातो. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाऱ्या हवेने खालच्या अंगाला पांढऱ्या भुकटीसारख्या होतात. नखाने खरवडलं तर गळून पडतात. पाणी गळत नसलं तरी तेवढा भाग थंड करायचं काम करत नाही. त्यात जांभ्याची लाल धूळ आणि पावसातला चिखल. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीने. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पट्ट्या वाकतात. गळतीची जागा बहुधा प्लॅस्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून जोडलेली असते तिथे, वरच्या कोपऱ्यात. ही शिवण थंड असताना कोरडी राहते. जुन्या पितळी रेडिएटरला डाग देता येतो (म्हणजे कथलाने सांधता येतो), रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून, तो साफही होतो. प्लॅस्टिक टाकीवाल्याला एम-सील लावून फार तर गॅरेजपर्यंत जाता येतं.

वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. ते बुजवायचं नाही. आतलं सील गेलं की पाणी मुद्दाम तिथून बाहेर यावं, म्हणजे बेअरिंगमध्ये जाऊ नये, यासाठी ते केलेलं असतं. तिथे ओघळ दिसला किंवा पुली हातात हलली की पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्टही त्याच वेळी. इंजिनच्या मागून जाणारे लोखंडी पाइप आणि ब्लॉकवरचे डमी प्लग (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) आरसा धरून बघा. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेल्या गाडीत ते आतून कुजतात. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट वाफ म्हणजे हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

एवढ्याने सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. हातपंप, मीटर आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारं अडॅप्टर, एवढंच असतं. थंड इंजिनवर झाकणाच्या आकड्याइतकाच दाब द्या, जास्त नको. जुनी टाकी फुटेल. पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली आला आणि इंजिन थंड असल्यामुळे थेंब सुकला नाही, की जागा डोळ्यांना दिसते. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर हेड गॅस्केटकडे (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलकडे) वळा. सकाळी चालू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज कडक झाला म्हणजे सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. पेट्रोल गाडीत एकाच सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. खात्रीसाठी गॅसटेस्टचा निळा द्राव रेडिएटरच्या तोंडावर धरतात. पिवळट झाला की हेड उघडायचं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांनी नुसत्या दमटपणानेही ती साचते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नका.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय अजून चालतो आणि बारीक भोक बुजतंही. पण हळदीला भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यातला फरक कळत नाही. घाटात अडकला असाल तर टाका, घरी आल्यावर सगळं फ्लश करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व) काढून फेकायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं, रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून गरम पाणी रेडिएटरला टाळून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर थर्मोस्टॅट पाण्यात टांगून पाणी तापवा (स्वयंपाकाचं पातेलं नको). त्यावर ८२ लिहिलं असेल तर तेवढ्याला उघडायला लागला पाहिजे. बसवताना त्यावरची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

भरताना विहिरीचं पाणी नको. किनाऱ्याजवळच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात आणि त्यातला क्षार अॅल्युमिनियमला भोकं पाडतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट कॉन्सन्ट्रेट समसमान. इथे पाणी गोठायचा प्रश्न नाही, आपल्याला त्यातलं गंजरोधक हवं असतं. रेडी-मिक्सच्या कॅनमध्ये पुन्हा पाणी ओतू नका. रंगावर जाऊ नका. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ लिहिलंय का ते बघा आणि दोन जातींचे कुलंट मिसळू नका. गाडीचं तोंड चढाकडे करून, मागच्या चाकांना चिरे लावून, हीटर फुल गरमवर ठेवून झाकण उघडं असताना थंड गाडी सुरू करा. वरचा होज अधूनमधून दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत जा. काढलेला जुना कुलंट परड्यात ओतू नका. गोड असतो म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

घाटात काटा चढला तर कधी चढला ते लक्षात ठेवा. बाजारपेठेत, उभ्या गाडीत चढून रस्त्याला लागल्यावर उतरत असेल तर पंखा, त्याचा रिले किंवा स्विच. आंबा किंवा करूळ घाटात लोड घेऊन चढताना वर जात असेल तर चोंदलेला रेडिएटर, नाहीतर पंप. एसी बंद करा, हीटर फुल गरम करा, सुरक्षित जागी थांबा. काटा चढलेला असताना अचानक खाली पडला तर खूश होऊ नका: पाणी संपलं की सेन्सर हवेत लोंबतो आणि थंड दाखवतो. लगेच इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नको. नंतर जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, मग इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा आणि पाणी बारीक धारेने सोडा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो. साधं पाणी घालून घरी पोहोचलात तर त्याच आठवड्यात ते काढून परत मिश्रण भरा.