ओहोटी बघूनच निघा: खिजडिया आणि नरारा

जामनगरला जायचं असेल तर तारीख सुट्टी बघून नाही, ओहोटी बघून ठरवा. तिथल्या नरारा किनाऱ्यावरचे प्रवाळ (कोरल) पाणी उतरल्यावरच उघडे पडतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ते सगळ्यात मागे जातं. ही वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. कोकणातलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक कच्छच्या आखाताला लावू नका. तिथलंच बघा, आणि ओहोटी दिवसाउजेडी येतेय ना याची खात्री करा.

आम्ही थंडीत गेलो. सकाळी आधी खिजडिया पक्षी अभयारण्य. संस्थानकाळात समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून इथे बांध घातला गेला. एका बाजूला गोडं पाणी साठलं, दुसरीकडे खाजण राहिलं. गोड्या पाण्यात वारकरी (कूट) पक्षी आणि थापट्या बदकं, तर खाऱ्या चिखलात चोच उलटी धरून अन्न गाळणारे रोहित (फ्लेमिंगो). आज ही रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बांधलेल्या तलावांना निसर्गात मोजायचं नाही असं मानणाऱ्यांनी या बांधावर तासभर उभं राहावं.

नरारा वाडीनारजवळ आहे, 1982 साली जाहीर झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात. वनखात्याची परवानगी लागते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि वाटाड्या घ्याच. आधी तिवरं (खारफुटी) लागतात, मग चिखल, मग घोटाभर पाण्यातले खडक. चपला नकोत, जाड तळव्याचे बंद बूट घाला.

एका उथळ डबक्यात हिरवट प्रवाळ दिसला. वाकून पाहिलं तर सगळ्या पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक जिवंत प्राणी. त्याच्या अंगात राहणारं शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ मुख्यतः त्यावर जगतो. पाणी गढुळलं की ऊन अडतं, गाळ वर बसला की प्राणी गुदमरतो. मागे ओलांडलेली तिवरं हाच गाळ मुळांत धरून ठेवतात. किनाऱ्यावरची तिवरं तोडली तर त्याची किंमत इथे, या डबक्यात मोजली जाते. शेजारच्या कपारीत ऑक्टोपस होता; खडकाच्या रंगाचा, हलला तेव्हाच कळला.

काही वाटाडे केंड मासा हातात घेऊन फुगवून दाखवतात. तो घाबरून फुगतो. आधीच स्पष्ट नको म्हणा; आम्ही म्हटलं, त्यांनी लगेच ऐकलं. दगड उलटवू नका, त्याखाली सावलीला जीव असतात. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काही उचलायचं नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. उन्हासाठी अंगभर कपडे आणि टोपी बरी, क्रीम त्याच पाण्यात उतरतं. पाणी परतायला लागलं की मधल्या घळी आधी भरतात, म्हणून वाटाड्या चला म्हणाला की लगेच फिरा, फोटो राहिला तरी.