शेवटची पाच मिनिटं आणि ४,९०० केबीपीएस

तक्रार एका ओळीची होती: ‘व्हिडिओ फुटतोय, बिटरेट वाढवून द्या.’ म्हणजे चित्रात चौकोन दिसतात, तर सेकंदाला खर्च होणारे बिट (केबीपीएस, एमबीपीएस) वाढवा. फाइल एका स्टेज कार्यक्रमाची, १ तास ५० मिनिटांची, १०८०पी, सेकंदाला ५० फ्रेम. पहिली सत्तरेक मिनिटं भाषणं, मग पस्तीसेक मिनिटं नृत्य, आणि शेवटची पाच मिनिटं चमचमत्या कॉन्फेटीचा पाऊस, धूर आणि लखलखणारे दिवे. एमपी४ आधीच कुणीतरी बनवलेली होती. सुदैवाने सोबत एडिटमधून काढलेला प्रोरेस ४२२चा मास्टरही (फारशी न दाबलेली मूळ फाइल) आला. तो नसता तर करण्यासारखं फारसं काही नव्हतं. फुटलेली फाइल जास्त बिटरेटने पुन्हा एन्कोड केली, तर ते फुटलेले चौकोनच जास्त इमानाने जपले जातात.

बिटरेट वाढवायला मुळात जागाच नव्हती. फाइल पेनड्राइव्हवरून टीव्हीवर चालायला हवी होती आणि तो टीव्ही फक्त फॅट३२ (पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची जुनी पद्धत) वाचत होता. फॅट३२वर एका फाइलची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. याला ८ने गुणून ६,६०० सेकंदांनी भागलं की सरासरी ५.२ एमबीपीएस येतात, आवाजासकट. १९२ केबीपीएस आवाज आणि कंटेनरसाठी थोडी मोकळीक सोडली की चित्राला ४,९०० केबीपीएस. एकूण साधारण ४२० कोटी बाइट. आधीच्या माणसाने नेमका हाच आकडा धरला होता. त्याचा हिशेब बरोबर होता, चूक पुढची होती.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे फाइल मीडियाइन्फो या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडणं. एक्स२६४ हा एन्कोडर आपल्या सेटिंग स्वतःच व्हिडिओ स्ट्रीममध्ये लिहून ठेवतो. कुणी पुसून टाकल्या नसतील तर पूर्ण कुंडली समोर येते. इथे आरसी=सीबीआर (कायम एकसारखा बिटरेट), बिटरेट ४,९०० आणि व्हीबीव्ही मॅक्सरेट, म्हणजे बिटरेटची वरची टोपी, तीही ४,९०० असं दिसलं. प्रीसेटचं (वेग आणि मेहनत ठरवणाऱ्या सेटिंगच्या तयार संचाचं) नाव त्यात लिहिलेलं नसतं, पण रेफ १, सबमी २, ट्रेलिस ० आणि लुकअहेड १० म्हणजे व्हेरीफास्ट, हे ओळखता येतं. मग एफएफप्रोब या साधनाने प्रत्येक पॅकेटचा आकार काढून सेकंदागणिक बेरीज केली. आलेख जवळपास सपाट आला. निदान तिथेच झालं.

सीबीआरमध्ये प्रत्येक सेकंदाला सारखाच वाटा. भाषणाच्या वेळी कॅमेरा स्थिर, पडदा काळा, हलतात ते ओठ आणि हात. तिथे एन्कोडरला ४,९०० केबीपीएस खर्च करायला खरं काही सापडत नाही, म्हणून तो क्वांटायझर (किती बारकावे टाकून द्यायचे ते ठरवणारा आकडा) खाली आणत जातो आणि अंधारातला सेन्सरचा नॉइज अगदी काळजीपूर्वक साठवतो. कॉन्फेटीचं उलट. व्हिडिओ कॉम्प्रेशनची बरीचशी कमाई ‘हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता’ हे शोधण्यातून होते. कॉन्फेटीचा प्रत्येक कागद पडता पडता गिरकी घेतो, एका फ्रेममध्ये चमकतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काळा होतो. मागच्या फ्रेममध्ये त्याची जोडी सापडतच नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ब्लॉक नव्याने लिहावा लागतो. त्यात दिव्यांच्या लखलखाटाने अख्खी फ्रेम उजळते, तेव्हा स्थिर पार्श्वभूमीसुद्धा ‘बदलली’ असं ठरतं. व्हेरीफास्टचा मोशन शोधही उथळ असतो. या सगळ्यावर वाटा तोच, ४,९००.

मग मास्टरमधून तीस-तीस सेकंदांचे तीन तुकडे कापले: भाषण, नृत्य, कॉन्फेटी. तिन्ही सीआरएफ २०, प्रीसेट स्लोवर एन्कोड केले. सीआरएफमध्ये आपण दर्जा सांगतो आणि बिटरेट एन्कोडर ठरवतो. भाषणाला १,८०० केबीपीएसच्या आसपास लागले, नृत्याला ७,०००, कॉन्फेटीला २४,०००. सत्तर, पस्तीस आणि पाच मिनिटांच्या प्रमाणात सरासरी काढली तर साडेचार एमबीपीएसही भरत नाही. म्हणजे फुटलेल्या फाइलपेक्षा कमी जागेत शेवटच्या भागाला जवळपास पाचपट बिट मिळत होते.

तरीही ‘मग आरएफ १२ करा’ अशी सूचना आलीच. हँडब्रेक या एन्कोडिंग प्रोग्रॅममध्ये सीआरएफच्या स्लायडरचं नाव आरएफ आहे. हा आकडा ६ने खाली आणला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते, आणि १६-१७च्या खाली वाढलेली जागा बहुतेक नॉइजवरच जाते. शिवाय हा आकडा एका एन्कोडरमधून उचलून दुसऱ्यात वापरता येत नाही. एक्स२६४चा डीफॉल्ट २३ आहे, एक्स२६५चा २८, आणि एसव्हीटी-एव्ही१मध्ये पट्टीच ६०च्या पुढे जाते. प्रीसेट बदलला तरी तुलना बिघडते: त्याच सीआरएफला व्हेरीफास्टची फाइल कधीकधी मीडियमपेक्षा लहान निघते, आणि लोकांना वाटतं फुकटात जागा वाचली. चित्र शेजारी ठेवून पाहिल्यावर कळतं की दर्जाही खाली आलेला असतो.

फाइलच्या आकाराची मर्यादा कडक असल्यामुळे अंतिम एन्कोड सीआरएफने न करता ४,९०० सरासरीवर टू-पासने केला. सीआरएफची सरासरी आधीच बसत होती, त्यामुळे दर्जा सीआरएफ २०पेक्षा जरा चांगलाच पडणार हे ठाऊक होतं. पहिल्या पासमध्ये एन्कोडर कुठे किती कठीण आहे याची नोंद लॉगमध्ये करतो, दुसऱ्यात त्याप्रमाणे वाटणी करतो. दोन्ही पासमध्ये बी-फ्रेम आणि कीफ्रेमच्या सेटिंग सारख्या ठेवाव्या लागतात. आणखी एक गोष्ट नेहमी नडते: एन्कोड चालवणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम लॉगला दर वेळी तेच नाव देतो. एकाच फोल्डरमध्ये दोन एन्कोड एकदम लावले की एकाचा लॉग दुसऱ्यावर लिहिला जातो आणि वाटणी भलत्याच व्हिडिओप्रमाणे होते. पासलॉगफाइल हा पर्याय देऊन प्रत्येकाला वेगळं नाव द्यावं.

आता उलटा प्रश्न उभा राहतो. मोकळं सोडलं तर कॉन्फेटीतल्या काही सेकंदांत बिटरेट फार वर उसळतो, आणि टीव्हीचा यूएसबी प्लेअर तिथेच अडखळतो. म्हणून मॅक्सरेट १६,००० आणि बफसाइझ २४,०००, म्हणजे दीड सेकंदाचा बफर. बफसाइझ विसरलं तर एक्स२६४ मॅक्सरेटकडे सरळ दुर्लक्ष करतो. एक इशारा छापतो, पण धावत्या लॉगमध्ये तो कोण वाचतो? १०८०पी५०ला लेव्हल (प्लेअरला किती झेपायला हवं त्याची पायरी) ४.२ लागते, ४.१मध्ये ही फ्रेमसंख्या बसत नाही. १६,०००च्या टोपीमुळे कॉन्फेटीचे सर्वांत दाट काही सेकंद किंचित मऊ दिसतात. ते चालवून घेतलं.

चौकोन गेले, पण तक्रारीत न लिहिलेलं एक दुखणं उरलं: भाषणाच्या वेळी काळ्या पडद्यावरच्या निळ्या प्रकाशात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे, बँडिंग. याला बिटरेट हे औषध नाही. जुन्या फाइलमध्ये याच भागाला गरजेच्या अडीचपट बिट होते, तरी पट्टे होतेच. मास्टरची तीच फ्रेम काढून पाहिली तर ती स्वच्छ. म्हणजे दोष १० बिटवरून ८ बिटवर येताना, रंगांच्या छटा कमी होताना, शिरला होता. १० बिट एचईव्हीसी (एच.२६४नंतरचा व्हिडिओ फॉरमॅट) दिलं असतं तर मुळातून सुटलं असतं, पण त्या टीव्हीवर एचईव्हीसी चालत नव्हतं, आणि १० बिट एच.२६४ तर टीव्हींवर सहसा चालतच नाही. मग ८ बिटवर आणताना डिदर (छटांच्या कडा मोडणारा हलका नॉइज) लावला आणि एक्यू-मोड ३ ठेवला. हा मोड बिट वाटताना अंधाऱ्या भागांना झुकतं माप देतो. डीनॉइज मुद्दाम बंद ठेवला. हलका नॉइज पट्टे झाकतो, तो पुसला की पायऱ्या उघड्या पडतात.

मोजमाप व्हीमॅफने, म्हणजे चित्राच्या दर्जाला गुण देणाऱ्या नेटफ्लिक्सच्या मापाने केलं, पण सरासरी बाजूला ठेवून. सत्तर मिनिटांच्या सोप्या भाषणामुळे जुन्या, फुटलेल्या फाइलचाही सरासरी गुण उत्तम दिसत होता. फ्रेमवार गुण काढून सर्वांत खालचा एक टक्का पाहिला तेव्हा दोन फाइलींमधला फरक समोर आला. बँडिंग व्हीमॅफला नीट दिसत नाही. त्यासाठी नेटफ्लिक्सचंच कँबी हे वेगळं माप आहे, किंवा अंधार केलेल्या खोलीतले डोळे.

शेवटची तपासणी पेनड्राइव्हवर कॉपी करून त्याच टीव्हीवर केली. फाइल चालू करून थेट शेवटच्या पाच मिनिटांवर उडी, मग मागे भाषणाकडे, पुन्हा पुढे. संगणकावर एसएसडीवरून वाचताना मॅक्सरेटची चूक कधीच उघडी पडत नाही. ती पडते यूएसबीवरच, आणि तीही उडी मारल्यावर बफर रिकामा असताना.