तुम्ही विचारलंत म्हणून: सिडनीला जूनमध्ये या असं का म्हणते

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की भारतातून कुणाचा तरी फोन येतोच, आम्ही सिडनीला यायचं म्हणतोय, कधी येऊ? मी म्हणते जूनमध्ये या, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, अगं पण तेव्हा तुमच्याकडे थंडी ना, मग समुद्र काय बघणार? इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

थंडी आहे, पण दुपारी सतरा-अठरा डिग्री असतं, स्वेटर घालून मस्त फिरता येतं. पोहायचंच असेल तर जानेवारीत या. पण समुद्र बघायचा असेल, म्हणजे त्यात काय काय जगतं ते बघायचं असेल, तर जूनच. कारण मे ते जुलै हंपबॅक देवमासे अंटार्क्टिकाकडून वर क्वीन्सलंडच्या कोमट पाण्याकडे जातात, पिल्लं घालायला, आणि ते अगदी किनाऱ्याला धरून जातात. सिडनीच्या दक्षिणेला कर्नेलला केप सोलँडर म्हणून कडा आहे, तिथे नुसतं उभं राहायचं, बोटीचं तिकीट वगैरे काही लागत नाही. २०२३ च्या जूनमध्ये सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणतो) आल्या होत्या, त्यांना घेऊन गेलो, वारा इतका की मुलांच्या टोप्या हातात धरून उभे होतो, पाऊण तास काहीच नाही, आणि मग एकदम पाण्यावर पांढरा फवारा, मागोमाग दुसरा, आणि नंतर ती काळीभोर पाठ सावकाश वर येऊन खाली गेली. आई काही बोलल्याच नाहीत, त्यांनी फक्त हात जोडले. विसाव्या शतकात शिकार करून करून या पूर्व किनाऱ्यावर हे देवमासे काही शेकडेच उरले होते, १९६३ मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली, आणि आज ते तीस हजारांच्या वर गेलेत. मला ही गोष्ट मुलांना परत परत सांगावीशी वाटते, कारण बिघडलेलं सावरल्याच्या गोष्टी त्यांच्या कानावर फार कमी येतात. आणि हो, आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत बरं का, ते असे लांबच्या प्रवासाला जात नाहीत, वर्षभर तिकडेच राहतात, पण फार थोडे उरलेत.

आईंचं माहेर रत्नागिरीजवळचं. सिडनीच्या उत्तरेकडच्या लाँग रीफच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्यांना नेलं तर म्हणाल्या, "अगो, ही तर आपली खडपंच!" लहानपणी त्या ओहोटीला कालवं काढायला जायच्या, त्यामुळे कुठे पाय टाकायचा, कुठे शेवाळ निसरडं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि माझी दोन्ही मुलं त्यांचं बोट धरून खळग्या-खळग्यातून बघत होती, मण्यांच्या माळेसारखं समुद्री शेवाळ, फुलांसारखे दिसणारे लालभडक ॲनिमोनी प्राणी, खडकाला चिकटलेल्या शिंपल्या. तिथे काही उचलायचं मात्र नाही, ती राखीव जागा आहे, रिकामा शंखसुद्धा जिथल्या तिथे ठेवायचा, तो एखाद्या खेकड्याला घर म्हणून लागतो. आणि खळग्यात हात घालायचा नाही, निळ्या कड्यांचा छोटासा ऑक्टोपस असतो, त्याचं विष जिवावर बेतू शकतं.

सिडनीच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या कायामा गावाला जायचं तर ट्रेनने जा, दोन-सव्वादोन तास लागतात. तिथलं ब्लोहोल सगळे बघतात, लाट गुहेत शिरते, आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि पाणी वरच्या भोकातून उसळतं, पण समुद्र आग्नेयेकडून उसळत असला तरच त्याची खरी मजा, नाहीतर नुसतं गुरगुरतं. मला स्वतःला त्याच्या आधीचं बॉम्बो स्टेशन जास्त आवडतं. तिथे जुन्या खाणीत बसाल्टचे उभे खांब आहेत, लाव्हा थंड होताना आकसून तडकला त्याचे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर लगेच ओळख पटेल, फक्त ती साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आणि हे खांब पंचवीस कोटींहून जुने.

आता दिवे. व्हिविड म्हणजे सिडनीचा दिव्यांचा महोत्सव, तो २००९ मध्ये सुरू झाला, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत असतो, संध्याकाळी सहा ते अकरा. जूनमध्ये इथे पाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सहाला गडद अंधार असतो आणि लहान मुलं, म्हातारी माणसं सगळं बघून साडेआठला घरी निघू शकतात. पहिल्या वर्षी आम्ही शनिवारी गेलो, गर्दीत धाकटीचा हात दोन मिनिटं सुटला, ती दोन मिनिटं मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून सोमवार किंवा मंगळवार, विनयार्ड स्टेशनला उतरून चालत, आणि सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून फेरीत बसून पलीकडे मिल्सन्स पॉइंटला. ऑपेरा हाउस पाण्यावरूनच बघायचं. त्याच्या शिडांसारख्या छतांवर दहा लाखांहून जास्त टाइल्स आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद सायीच्या रंगाच्या, आणि त्यांच्यावर रंग पडले की अख्खी इमारत हलतेय असं वाटतं.

आई आल्या त्या वर्षी शिडांवर जॉन ओल्सेन यांची चित्रं होती. इथले फार मोठे चित्रकार, त्याच एप्रिलमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले, ऑपेरा हाउसच्या आत हार्बरवरचं त्यांचं मोठं भित्तिचित्र १९७३ पासून आहे. आयुष्यभर त्यांनी पाणी, खाड्या, बेडूक असंच रंगवलं. त्या वळवळत्या रेघा शिडांवरून सरकायला लागल्या आणि मोठा ओरडला, आज्जी, आपण त्या खळग्यात बघितलं ना तसंच! सकाळी लाँग रीफ केलं होतं म्हणून त्याला ते दिसलं. म्हणून माझं म्हणणं, नुसत्या दिव्यांसाठी येऊ नका, दिवसा किनारा बघा आणि मग संध्याकाळी दिवे.

तिकिटं काढायच्या आधी एक मेसेज टाका, ओहोटीच्या वेळा बघून लाँग रीफचा दिवस ठरवू. आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कानटोपी आणाच, फेरीवर वारा फार लागतो.