लेस्टरमधली माझी दुसऱ्या वर्षाची बेकारी

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या कापडाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडची हिशेबाची नोकरी 2012 मध्ये गेली. बेकारी भत्त्यासाठी वर्षभर दर पंधरवड्याला जॉबसेंटरात, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, सही करूनही काही जुळलं नाही, तेव्हा मला ‘वर्क प्रोग्रॅम’मध्ये पाठवलं; दीर्घकाळ बेकार असलेल्यांना खाजगी कंपन्यांमार्फत काम मिळवून द्यायची ही सरकारी योजना. पंचविशीपुढच्या माणसाला भत्त्यावर बारा महिने झाले की तेव्हा हे ठरलेलंच होतं. आमच्या भागाचं कंत्राट दोन खाजगी कंपन्यांकडे होतं. आपल्या वाट्याला कुठली येणार, ते संगणक ठरवायचा. तिथे दोन वर्षं जायचं, आणि जॉबसेंटरातली सही काही सुटत नव्हती. दांडी मारली तर भत्ता चार आठवडे बंद व्हायचा, पुन्हा मारली तर तेरा.

कंपनीतली माझी सल्लागार बाई भली होती, पण तिच्याकडे शंभरावर माणसं. तिने माझ्या लांबलचक बायोडेटातून जन्मतारीख, लग्न झाल्याची नोंद, पुण्याच्या बी.कॉम.चे टक्के सगळं उडवलं आणि तो दोन पानांवर आणला. मुलाखतीला जायचं बसभाडंही मिळायचं. एवढं झालं आणि गाडी अडली, कारण तिला मला नाताळच्या हंगामात गोदामात पॅकिंगला लावायचं होतं.

का, ते कळायला पैशाचं गणित समजून घ्यावं लागलं. काम कसं मिळवून द्यायचं हे सरकारने कंपन्यांवरच सोडलं होतं; पैसे मात्र निकालावर. माझ्यासारख्यामागे कंपनीला जास्तीत जास्त साधारण 4,400 पौंड मिळणार होते: नाव नोंदवल्याचे थोडे, मी सहा महिने कामावर राहिलो की मोठा हप्ता, पुढे दर चार आठवड्यांनी छोटे हप्ते. हे सहा महिने सलग असायची गरज नव्हती, तुकड्यातुकड्यांत भरले तरी चालत. म्हणून पॅकिंग!

मग मी तिच्याच हिशेबाने बोललो. ‘‘पॅकिंग जानेवारीत संपेल, मी परत तुमच्याच टेबलाशी येईन. पगारपत्रकांचा कोर्स करू द्या, एकदा चिकटलो की हलणार नाही.’’ आधी ‘बजेट नाही’ म्हणणारी बाई वरिष्ठांशी बोलून आली आणि कोर्सची फी भरली गेली. स्वाभिमान दुखावला का? थोडा. पण दयेपेक्षा व्यवहारावर बोलणं मला सोपं गेलं. कोर्सनंतर एका छोट्या हिशेबनिसाच्या ऑफिसात काम लागलं. त्यानंतर कंपनीचे फोन इतके नेमाने यायचे की बायको म्हणाली, सासरचे तरी एवढी चौकशी करत नाहीत.

माझ्यासोबत बसणाऱ्या एका गृहस्थाला असे फोन कधी आले नाहीत. पाठीच्या दुखण्याने तो कित्येक वर्षं आजारपणाच्या भत्त्यावर होता. कंपन्यांनी अवघड माणसांना टाळू नये म्हणून सरकारने त्याच्यासारख्यांवर 13,700 पौंडांपर्यंत रक्कम लावली होती, माझ्या तिप्पट. पण ती मिळणार तो कामावर टिकला तर, आणि त्याला उभं करायचा खर्च आधी कंपनीच्या खिशातून. कंपनीने तो केलाच नाही. त्याला अधूनमधून बोलवायचे, ‘कसं चाललंय’ विचारायचे, पुढची तारीख द्यायचे. पहिल्या चौदा महिन्यांत या योजनेतल्या फक्त 3.6 टक्के लोकांना टिकाऊ काम मिळालं, असं संसदेच्या समितीने 2013 मध्ये सांगितलं होतं; ते वाचलं तेव्हा मला तोच आठवला. दोन वर्षं भरल्यावर त्याला परत जॉबसेंटरात पाठवलं.